प्रकल्प नोंदी: एपीआयवरून व्हीएम उभी करण्यापासून तिच्यात खात्रीने लॉगिन होईपर्यंत

५ ऑगस्ट

आजपासून हे काम माझ्याकडे. आत्तापर्यंत चाचणीसाठी मशीन लागलं की टीममधलं कोणीतरी क्लाउडच्या डॅशबोर्डवर जाऊन क्लिक करत करत व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे प्रोव्हायडरच्या सर्व्हरवर चालणारं आभासी मशीन) बनवायचं, आयपी चॅटवर टाकायचं आणि मग बाकीच्यांनी आत शिरायचं. यात दोन मशीन कधीच एकसारखी होत नाहीत, कोणी डिस्क मोठी घेतं, कोणी वेगळी इमेज (मशीन ज्यावरून उभं राहतं तो ऑपरेटिंग सिस्टीमचा तयार साचा) निवडतं, आणि मग एकाच्या मशीनवर चाचणी पास तर दुसऱ्याच्या मशीनवर फेल. आता सगळं एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रामने प्रोव्हायडरला थेट विनंती पाठवून, करायचं ठरलंय. एक स्क्रिप्ट चालवली की व्हीएम उभी राहिली पाहिजे, सेटअप झाला पाहिजे, एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) आत जाता आलं पाहिजे आणि काम संपलं की मशीन पाडून टाकता आलं पाहिजे.

माझी एक अट मात्र आधीच लिहून ठेवतेय. नव्या मशीनला पहिल्यांदा एसएसएच केलं की तो प्रश्न येतो ना, या होस्टची ओळख पटत नाही, फिंगरप्रिंट असा असा आहे, पुढे जायचं का, आणि सगळे डोळे झाकून येस टाइप करतात. ही कोऱ्या कागदावर सही आहे. मधे कोणी बसलंय का हे कळायची ती एकच वेळ असते, कारण त्यानंतर एसएसएच त्या मशीनने दाखवलेली ओळखीची की (होस्ट की, जिचा छोटा ठसा म्हणजे फिंगरप्रिंट) खरी धरून चालतं. स्क्रिप्टमध्ये तर लोक ते चेकिंग सरळ बंदच करून टाकतात आणि पुढे सगळे तीच ओळ कॉपी करत राहतात. एसएसएच १९९५ मध्ये टाटू यलोनेनने लिहिलं तेच मुळी फिनलंडमध्ये त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणून. समोर कोण आहे हे तपासणं हा त्यातला अर्धा भाग आहे आणि तो या प्रकल्पात बंद होणार नाही.

टेराफॉर्म (क्लाउडमध्ये काय हवं ते फाईलमध्ये लिहून उभं करायचं साधन) वापरायचं का यावर थोडी चर्चा झाली. माझं मत आत्ता तरी नको. आपली मशीन काही तास जगतात, एकाच वेळी अनेक जण आपापली उभी करतात, त्या सगळ्यांची मिळून एक स्टेट फाईल (काय काय उभं आहे त्याची नोंद) सांभाळायची, लॉक करायची हे या कामाच्या मानाने जास्त आहे. कर्ल (वेब रिक्वेस्ट पाठवायला), जेक्यू (एपीआय वापरतो तो जेसन फॉरमॅट हाताळायला) आणि शेल स्क्रिप्ट पुरे. कायमचे सर्व्हर असते तर उलट बोलले असते.

६ ऑगस्ट

टोकन, म्हणजे एपीआयला आपली ओळख पटवणारं गुपित. चाचण्यांसाठी वेगळा प्रोजेक्ट बनवला आणि टोकन फक्त त्या प्रोजेक्टपुरतं, व्हीएम आणि फायरवॉल एवढ्याच अधिकारांचं, वर एक्सपायरी घातली. यात आळस नको कारण एपीआय टोकन ज्याच्या हातात तो त्या खात्यातल्या प्रत्येक मशीनचा रूट (सगळे अधिकार असलेला युजर) आहे असंच धरायचं. त्याला आत लॉगिन होता आलं नाही तरी डिस्कचा स्नॅपशॉट घेऊन दुसऱ्या मशीनला लावता येतो, रूटचा पासवर्ड रीसेट करता येतो, मशीन रीबिल्ड करता येतं. एसएसएच कितीही कडक ठेवलं तरी हे दार वेगळंच.

टोकन कर्लच्या कमांड लाईनवर हेडर म्हणून द्यायचं नाही, कारण कमांड चालू असेपर्यंत त्याच मशीनवरचा दुसरा युजर पीएस कमांडने ते वाचू शकतो. कर्लला हेडर फाईलमधून वाचायला सांगता येतं, तेच केलं, फाईलची परमिशन ६००. गिटमध्ये ही फाईल जाणार नाही याचीही सोय केली. एकदा कमिट झालं की पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नसतो, इतिहासात राहतंच, तेव्हा टोकन रद्द करणं एवढाच उपाय उरतो.

स्क्रिप्टमध्ये ४०१ आणि ४०३ हे एपीआयच्या उत्तराचे कोड वेगळे धरलेत. ४०१ म्हणजे टोकनच चालत नाहीये, संपलंय किंवा चुकीचं आहे. ४०३ म्हणजे टोकन ओळखलं पण हे काम करायची परवानगी नाही. दोन्हीला एकच "ऑथ एरर" असा मेसेज दिला तर माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो.

७ ऑगस्ट

पहिली व्हीएम एपीआयने उभी राहिली. रिक्वेस्टमध्ये नाव, रिजन, साइज, इमेज, एसएसएच की (लॉगिनसाठीच्या जोडीतली पब्लिक बाजू), युजर डेटा (पहिल्या बूटला काय करायचं त्याच्या सूचना) आणि टॅग. उत्तर २०२ आलं, म्हणजे विनंती घेतली, काम पूर्ण झालं असं नाही. सोबत एक ॲक्शन आयडी मिळतो, तो परत परत विचारत राहायचं, चालू आहे, झालं, किंवा फसलं.

इमेजचं नाव देताना "लेटेस्ट" टाइपचं नाव टाळलं, आयडी लिहिला. लेटेस्ट हे नाव तेच राहतं आणि खालची इमेज बदलते, मग गेल्या आठवड्यात पास झालेली चाचणी आज का पडली याचं उत्तर कोडमध्ये सापडतच नाही. इमेज मुद्दाम, ठरवून बदलायची.

दुपारी एक महत्त्वाची गोष्ट दिसली. व्हीएम बनवायची रिक्वेस्ट पाठवली, नेटवर्क मधेच तुटलं, कर्ल टाइमआउट होऊन बाहेर पडलं आणि तिकडे व्हीएम मात्र तयार झालेली. म्हणजे टाइमआउटचा अर्थ "झालं नाही" असा नसतो, "काय झालं ते कळलं नाही" असा असतो, आणि रिट्राय करणारी कुठलीही भोळी स्क्रिप्ट इथे दोन मशीन बनवून ठेवते, त्यातलं एक कोणाच्याच यादीत नसतं आणि बिल चालू. काही क्लाउडमध्ये यासाठी रिक्वेस्टसोबत आपण बनवलेला एक युनिक टोकन देता येतो, तोच परत आला तर दुसरं मशीन बनत नाही. आपल्या प्रोव्हायडरकडे ते नाही. म्हणून प्रत्येक रनला आधी एक युनिक आयडी बनवतो, तो टॅगमध्ये घालतो, आणि रिट्राय करायच्या आधी त्या टॅगची व्हीएम आहे का ते विचारतो. असेल तर तीच घ्यायची. मात्र विचारायच्या आधी थोडं थांबायचं, कारण नुकतीच बनलेली व्हीएम यादीत यायला थोडा वेळ जातो.

८ ऑगस्ट

एपीआय म्हणतं ॲक्टिव्ह, आणि एसएसएच म्हणतं नाही. यावर सगळ्यांचाच गोंधळ होतो म्हणून सविस्तर लिहितेय.

ॲक्टिव्ह म्हणजे हायपरवायजरच्या (व्हीएम चालवणाऱ्या खालच्या सॉफ्टवेअरच्या) दृष्टीने मशीन चालू झालं. त्यानंतर कर्नल बूट होणार, नेटवर्क येणार, क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला युजर डेटा वाचून सेटअप करणारा प्रोग्राम) चालणार, होस्ट की बनणार, मग एसएसएच सर्व्हर पोर्ट २२ वर ऐकायला बसणार. या मधल्या वेळात आपण कनेक्ट केलं तर वेगवेगळे एरर येतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

कनेक्शन टाइम्ड आउट म्हणजे पाठवलेल्या पॅकेटचं काहीच उत्तर नाही. नेटवर्क अजून आलं नाही, किंवा फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतेय, किंवा आयपीच चुकीचा आहे. कनेक्शन रिफ्यूज्ड ही उलट चांगली बातमी आहे, मशीन जिवंत आहे, आपलं पॅकेट पोचलं, फक्त त्या पोर्टवर अजून कोणी ऐकत नाही. थोडं थांबलं की बहुतेक वेळा सुटतं. आणि परमिशन डिनाइड, पब्लिक की, हा एरर आला की नेटवर्क, फायरवॉल, पोर्ट या सगळ्यांचा विषयच संपला, आपण एसएसएच सर्व्हरशी बोललो आणि त्याने आपली की नाकारली. तेव्हा फायरवॉलचे नियम उघडून बसण्यात अर्थ नाही, युजरनेम बघायचं. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये युजर उबुंटू, फेडोराला फेडोरा, अ‍ॅमेझॉन लिनक्सला ईसी२-युजर, काही प्रोव्हायडर सरळ रूट देतात. की बरोबर आणि नाव चुकीचं असलं तरी एरर हाच. आणि बूटच्या त्या मधल्या काळात सर्व्हर उठलाय पण क्लाउड-इनिटने आपली की अजून लिहिली नाही अशा क्षणी पोचलात तरीही हाच, त्यामुळे पहिल्या नकाराला स्क्रिप्टने लगेच हार मानायची नाही.

तर स्क्रिप्ट आता अशी थांबते: ॲक्शन पूर्ण होईपर्यंत, मग पोर्ट २२ उघडेपर्यंत, मग लॉगिन होईपर्यंत, आणि आत गेल्यावर क्लाउड-इनिट स्टेटस वेट ही कमांड संपेपर्यंत. प्रत्येक टप्प्याला वेगळी मुदत आणि संपली तर कुठल्या टप्प्यावर संपली ते लिहायचं. नुसतं एक मिनिट स्लीप टाकून पुढे जायचं असलं काही नको, ते एखाद्या दिवशी चालतं आणि ज्या दिवशी क्लाउड मंद असतो त्या दिवशी सगळं कोसळतं.

क्लाउड-इनिट स्टेटसबद्दल एक बारीक गोष्ट, आवृत्ती २३.४ पासून ती कमांड किरकोळ अडचण असेल तर एक्झिट कोड २ देते, मोठी असेल तर १. शेल स्क्रिप्टमध्ये एररवर थांबायचा पर्याय लावलेला असेल तर २ आल्यावरही सगळं बंद पडतं. दोन्ही वेगळे हाताळले, २ आला तर चालू द्यायचं पण लॉग जमा करून ठेवायचा.

११ ऑगस्ट

युजर डेटा. इथे क्लाउड-इनिटला सांगायचं की युजर कुठला, पॅकेज कुठली, फाईली कुठल्या.

पहिली ओळ हॅशला चिकटून क्लाउड-कॉन्फिग अशीच पाहिजे, मधे स्पेस नको, वर रिकामी ओळ नको. ती नसेल तर क्लाउड-इनिटला हा मजकूर काय आहे तेच कळत नाही, तो लॉगमध्ये एक वॉर्निंग लिहितो आणि पुढे जातो, मशीन मस्त बूट होतं पण आपलं काहीच झालेलं नसतं. ही फाईल यामल फॉरमॅटमध्ये आहे पण जाते जेसनच्या आत, त्यामुळे नव्या ओळी, अवतरण चिन्हं सगळं नीट एस्केप व्हावं लागतं. हाताने जोडाजोड करण्यापेक्षा जेक्यूला कच्ची फाईल वाचायला लावली, तो स्वतः बरोबर स्ट्रिंग करून देतो. पाठवायच्या आधी क्लाउड-इनिटचीच स्कीमा कमांड चालवतो, इंडेंट चुकलेलं तिथेच पकडलं जातं.

युजर्स असा भाग स्वतः लिहिला आणि त्यात डिफॉल्ट हा शब्द ठेवला नाही तर इमेजचा मूळ युजर बनतच नाही. हे आम्हाला हवंच होतं, आम्ही आमचा एकच युजर ठेवलाय, पण ज्याला माहीत नाही तो उबुंटू युजर कुठे गेला म्हणून शोधत राहील.

अजून एक, हे सगळं एका इन्स्टन्सला एकदाच चालतं. युजर डेटा बदलून रीबूट केलं तर नवीन मजकूर लागू होईल अशी अपेक्षा ठेवायची नाही. मशीन पाडा, नवीन करा. आमच्या कामात तेच बरोबर आहे, मशीनला दुरुस्त करत बसायचंच नाही.

१३ ऑगस्ट

आज पूर्ण दिवस होस्ट कीवर. मशीन पहिल्या बूटला स्वतःची की स्वतः बनवतं, म्हणून आपल्याला ती आधीपासून माहीत असायचं काही कारणच नसतं. प्रश्न एवढाच की तिचा फिंगरप्रिंट एसएसएच सोडून दुसऱ्या भरवशाच्या वाटेने आपल्यापर्यंत कसा येईल.

सहकाऱ्यांपैकी एकीने विचारलं की आपण पासवर्ड वापरतच नाही, पब्लिक की वापरतो, मग मधे कोणी असलं तरी काय बिघडलं. प्रश्न रास्त आहे. पब्लिक कीच्या लॉगिनमध्ये आपण जी सही करतो ती त्या एका सेशनशी बांधलेली असते, मधल्या माणसाला ती उचलून खऱ्या सर्व्हरवर वापरता येत नाही. पण तो स्वतःच सर्व्हर बनून बसू शकतो, आपली की स्वीकारल्याचं नाटक करू शकतो आणि मग आपली स्क्रिप्ट त्याच्याच मशीनवर आपला कोड, डेटाबेसचा पासवर्ड, रजिस्ट्रीचं टोकन सगळं आपणहून ठेवून येते. लॉगिन झाल्यावर आपण पहिल्या मिनिटात काय काय पाठवतो त्याची यादी मी काढून दाखवली, त्यानंतर वाद उरला नाही.

वाटा कोणत्या आहेत ते बघितलं. पहिली, क्लाउड-इनिट बूट होताना होस्ट कीचे फिंगरप्रिंट सिरियल कन्सोलवर (मशीनच्या आभासी पडद्यावर) छापतो, सुरुवात आणि शेवट ओळखता येतील अशा ओळींमध्ये. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ मध्ये कन्सोलचा मजकूर एपीआयने मागता येतो, म्हणजे टीएलएसवरून (वेबच्या सुरक्षित कनेक्शनवरून), आपल्या टोकनने, प्रोव्हायडरकडून थेट. ही सगळ्यात स्वच्छ वाट आहे आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी दुसरीकडे बघूच नये. आपल्या प्रोव्हायडरकडे कन्सोल फक्त ब्राउझरमध्ये चित्र म्हणून दिसतो, मजकूर मिळत नाही. एका मशीनसाठी डोळ्यांनी जुळवता येईल, रात्री आपोआप चालणाऱ्या कामासाठी नाही.

दुसरी, क्लाउड-इनिटचं फोन होम मॉड्यूल. बूट झालं की मशीन आपण दिलेल्या यूआरएलवर स्वतःची पब्लिक की पोस्ट करतं. त्यासाठी आपला एक सर्व्हर कायम चालू पाहिजे आणि पोस्ट करणारं मशीन खरंच आपलंच हे ओळखायला यूआरएलमध्ये एकदाच चालणारं गुपित घालावं लागतं. चालेल, पण एक जादा सर्व्हर सांभाळणं आलं.

तिसरी, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता देणारी यंत्रणा) एसएसएचएफपी रेकॉर्ड, म्हणजे होस्ट कीचा फिंगरप्रिंट. पण डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर सही असायची सोय) नसेल तर त्या रेकॉर्डवर तरी का विश्वास ठेवायचा, आणि तासाभराच्या मशीनसाठी डीएनएस बदलत बसणं मला पटत नाही.

चौथी, होस्ट की आपणच बनवायची आणि युजर डेटामधून आत पाठवायची. क्लाउड-इनिटला एसएसएच कीज म्हणून प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्ही देता येतात, मग तो स्वतः नवीन बनवत नाही, आपलीच लिहितो. पब्लिक की आपल्याकडे मशीन जन्मायच्या आधीच असते. दोष उघड आहे, प्रायव्हेट की युजर डेटामध्ये राहते, आणि युजर डेटा मशीनच्या आतून १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा पत्त्यावर (मशीनला स्वतःची माहिती देणारा प्रोव्हायडरचा पत्ता) वाचता येतो, बहुतेक ठिकाणी रूट नसलेल्या प्रोसेसलाही. वेब ॲपला फसवून तिच्याकडून हा पत्ता उघडून घ्यायचे हल्ले काही नवीन नाहीत, अ‍ॅमेझॉनने २०१९ मध्ये मेटाडेटासाठी आधी टोकन मागणारी दुसरी आवृत्ती काढली ती याच प्रकारच्या हल्ल्यांसमोर संरक्षण म्हणून.

ठरलं ते असं. चौथी वाट घ्यायची, पण ती की फक्त पहिल्या लॉगिनपुरती. त्या कीने ओळख पटली की त्याच सुरक्षित कनेक्शनमधून मशीनच्या आत खरी नवी होस्ट की बनवायची, तिची पब्लिक बाजू बाहेर आणायची आणि पाठवलेली की मारून टाकायची. मग मेटाडेटामध्ये जे पडून राहील ती एक मेलेली की असेल.

१४ ऑगस्ट

बनवलं आणि चाललं. क्रम लिहून ठेवते कारण क्रमातच सगळं आहे.

स्क्रिप्ट आपल्या बाजूला एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ईडी२५५१९ प्रकारची होस्ट की बनवते. युजर डेटामध्ये ती घालते. व्हीएमचा आयडी मिळाला की त्या रनच्या स्वतंत्र नोन होस्ट्स फाईलमध्ये (ओळखीच्या मशीनच्या होस्ट कींची यादी) आयपी लिहीत नाही, व्हीएमचा आयडी लिहिते, आणि एसएसएचला होस्ट की अलायस म्हणून तोच आयडी देते. स्ट्रिक्ट चेकिंग येस. म्हणजे माहीत नसलेली की दिसली तर एसएसएच प्रश्नही विचारत नाही, सरळ नाही म्हणतं.

आत गेल्यावर नवी की वेगळ्या नावाने बनते, तिची पब्लिक बाजू याच सेशनमधून वाचून आपल्या फाईलमध्ये दुसरी ओळ म्हणून टाकायची, मग सर्व्हरवर जुनीच्या जागी नवी ठेवायची, कॉन्फिग तपासायला एसएसएचडीचा (एसएसएच सर्व्हर प्रोग्रामचा) टेस्ट पर्याय चालवायचा आणि मगच रीस्टार्ट. चालू सेशन रीस्टार्टने तुटत नाही, ते तसंच उघडं ठेवून दुसरं कनेक्शन करून बघायचं. ते नव्या कीवर जुळलं की आपल्या फाईलमधली जुनी ओळ काढायची, आणि सगळ्यात शेवटी पहिलं सेशन सोडायचं.

व्हर्बोज लावून बघितलं तर पहिल्या कनेक्शनला सर्व्हर होस्ट कीच्या ओळीत आपण बनवलेल्या कीचा शा२५६ फिंगरप्रिंट, दुसऱ्याला वेगळा, आणि दोन्ही वेळा "ज्ञात आहे आणि जुळते" अशी ओळ. त्या दोन ओळी एकाखाली एक बघून खरंच आनंद झाला. मग मुद्दाम एका रनमध्ये नोन होस्ट्समधलं एक अक्षर बदललं, एसएसएचने व्हेरिफिकेशन फेल्ड म्हणून तिथेच थांबवलं. थांबायला पाहिजे तिथे थांबतंय हे बघितल्याशिवाय अशा गोष्टीवर भरवसा ठेवू नये असं मला वाटतं.

होस्ट की आपोआप अपडेट करायचा एक पर्याय ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, सर्व्हर लॉगिननंतर आपल्या सगळ्या की सांगतो आणि क्लायंट लिहून घेतो. पण नोन होस्ट्स फाईल आपण वेगळी दिली की तो डिफॉल्टने बंद होतो, हवा असेल तर स्पष्ट लिहावा लागतो. आम्ही हाताने करतोय म्हणून बंदच ठेवला.

शिवाय मेटाडेटाच्या पत्त्यावर रूट सोडून कोणालाही जाता येऊ नये असा फायरवॉल नियम मशीनच्या आत टाकला. एक ओळीचं काम.

१८ ऑगस्ट

अपेक्षा होती तेच आज झालं, पाडलेल्या मशीनचा आयपी नव्या मशीनला मिळाला. पूर्वी अशा वेळी स्क्रीनभर इशारा यायचा की रिमोट होस्टची ओळख बदलली आहे, आणि लोक जुनी ओळ उडवून पुढे जायचे, म्हणजे खरा हल्ला झाला असता तरी हाताने तेच केलं असतं. आता ओळख आयडीशी बांधलेली असल्यामुळे काहीच आलं नाही. इशारा क्वचित यायला लागला की लोक तो वाचतात, त्यामुळे मला हा भाग या सगळ्यात जास्त मोलाचा वाटतो.

१९ ऑगस्ट

सगळ्या मशीनना पब्लिक आयपी नको. आयपीव्ही४ तसेही संपलेत, आयानाने (जगभर आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेने) शेवटचे मोठे ब्लॉक २०११ मध्येच वाटून टाकले, त्यामुळे प्रोव्हायडर आता प्रत्येक पत्त्याचे वेगळे पैसे लावतात. एकच बॅस्टियन (बाहेरून आत जायचं एकमेव दार असलेलं मशीन) पब्लिक, बाकी सगळी १०.०.०.० च्या खाजगी नेटवर्कमध्ये.

आतल्या मशीनवर जायला बॅस्टियनमार्गे नेणारा प्रॉक्सीजंप, हा पर्याय ओपनएसएसएच ७.३ पासून म्हणजे २०१६ पासून आहे. यात बॅस्टियन फक्त बाइट्स पुढे ढकलतो, आतल्या मशीनशी एन्क्रिप्शन आपल्या लॅपटॉपपासूनच होतं आणि दोन्ही टप्प्यांना होस्ट की वेगवेगळी तपासली जाते. एजंट फॉरवर्डिंगला (आपल्या की सांभाळणारा लॅपटॉपवरचा एजंट दूरच्या मशीनवरूनही वापरू देणं) मी साफ नाही म्हटलं, कारण बॅस्टियनवर ज्याच्याकडे रूट आहे त्याला आपलं सेशन चालू असेपर्यंत आपल्या एजंटकडून हव्या तिथे लॉगिन करून घेता येतं.

खाजगी मशीनला बाहेर जायला नॅट गेटवे (खाजगी पत्त्यांना इंटरनेटवर नेणारा दुवा) लागतो हे आधीच जोडलं, नाहीतर क्लाउड-इनिट पॅकेज डाउनलोड करायला बसतो आणि बराच वेळ नुसता लटकतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बूटच होत नाहीये.

फायरवॉल टॅगवर लावली. टॅग व्हीएम बनवतानाच जातो म्हणून मशीन क्षणभरही उघडं राहत नाही. मशीन आधी आणि फायरवॉल नंतर असा क्रम ठेवू नये, पब्लिक आयपीवर पोर्ट २२ उघडा दिसला की पासवर्ड आजमावणारे बॉट लगेच येतात, ऑथ लॉग उघडून कोणीही बघावं.

२१ ऑगस्ट

पासवर्ड लॉगिन बंद आहे का हे तपासताना मजेशीर नाही पण फार उपयोगी गोष्ट सापडली. एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये एकच सेटिंग दोनदा असेल तर पहिली किंमत चालते, शेवटची नाही. बहुतेक सगळीकडे उलटं असतं म्हणून लोक ६० किंवा ९९ नंबरची फाईल बनवतात, आपली शेवटी येईल आणि जिंकेल म्हणून. आमच्या इमेजमध्ये ५०-क्लाउड-इनिट नावाची फाईल होती आणि तिच्यात पासवर्ड ऑथेंटिकेशन येस. आपली ९९ वाली फाईल तिथे असून नसल्यासारखी. आपली फाईल ०१ ने सुरू केली आणि क्लाउड-कॉन्फिगमध्येही एसएसएच पासवर्ड ऑथ बंद लिहिलं.

फाईल वाचून अंदाज बांधायचा नाही, एसएसएचडीला मोठ्या टी पर्यायाने चालवलं की प्रत्यक्ष लागू असलेली सगळी सेटिंग छापतो. ते आता स्क्रिप्टमध्ये तपासणी म्हणून आहे, पासवर्ड नो दिसलं नाही तर मशीन वापरात द्यायचं नाही.

२२ ऑगस्ट

एकदम बरीच मशीन मागितली तर ४२९, म्हणजे रिक्वेस्ट फार झाल्या. रिट्राय आफ्टर हेडर असेल तर तेवढं थांबायचं, नसेल तर दरवेळी दुप्पट आणि त्यात थोडा रँडम भाग, नाहीतर सगळे रन एकाच सेकंदाला परत येऊन आदळतात. पोलिंगच (झालं का म्हणून परत परत विचारणं) जास्त रिक्वेस्ट खात होतं, प्रत्येक व्हीएम वेगळी विचारण्याऐवजी टॅगने एकदाच यादी मागितली.

यादी मागताना पेजिनेशन विसरू नये. उत्तरात फक्त पहिलं पान येतं आणि पुढच्या पानाची लिंक खाली असते. ती लिंक संपेपर्यंत जायचं. पाडायची यादी अर्धी असली तर उरलेली मशीन चालूच राहतात आणि एरर कुठेच येत नाही.

२६ ऑगस्ट

पाडणं. मशीन बंद केलं म्हणजे बिल थांबलं असं नाही, आपल्या प्रोव्हायडरकडे बंद व्हीएमची डिस्क, मेमरी, आयपी राखीवच राहतात आणि पैसे तेवढेच लागतात, डिलीटच करावं लागतं. आणि डिलीट केल्यावरही वेगळं जोडलेलं व्हॉल्यूम, राखीव आयपी, स्नॅपशॉट मागे राहतात, त्यामुळे त्यांनाही तोच रन टॅग लावलाय आणि टॅगने शोधून सगळं काढतो. डिलीटला २०४ (काम झालं) आलं तर झालं, ४०४ (सापडलं नाही) आलं तरी झालंच, आपल्याला ते मशीन नसायलाच हवं होतं.

स्क्रिप्ट संपताना सफाई करायला ट्रॅप आहे, पण प्रोसेसला किल नाइन (सक्तीने बंद करणारा सिग्नल) बसला किंवा लॅपटॉपच बंद पडला तर ट्रॅप चालत नाही. म्हणून टॅगमध्ये मुदतीची वेळ पण घालतो, यूटीसीमध्ये, आणि वेगळा एक सफाई जॉब दर तासाला मुदत उलटलेलं सगळं पाडतो. या जॉबचं टोकन वेगळं आहे, त्याला नवीन काही बनवता येत नाही.

२८ ऑगस्ट

सगळी टीम आता हेच वापरतेय, डॅशबोर्डवरून बनवायची परवानगी चाचणी प्रोजेक्टमधून काढून घेतली. रात्रीचे रन आपोआप चालतायत आणि कुठल्याही स्क्रिप्टमध्ये चेकिंग बंद करणारी ओळ उरलेली नाही, शोधून खात्री केली.

राहिलेलं मोठं काम एसएसएच सर्टिफिकेट ऑथॉरिटीचं (सीए, म्हणजे बाकीच्या कींवर सही करून त्या खऱ्या ठरवणारी आपली एक की). होस्ट कीला आपल्या सीएची सही असली की क्लायंटला नोन होस्ट्समध्ये एकच ओळ पुरते आणि प्रत्येक मशीनची वेगळी नोंद ठेवावी लागत नाही, लोकांच्या कीलाही काही तासांची मुदत देता येते, कोणी टीम सोडली तर मशीन मशीनवर जाऊन की काढत बसायला नको. की पाठवून मग बदलायची ही आत्ताची पद्धत तशीच राहील, फक्त नव्या होस्ट कीची पब्लिक बाजू बाहेर आली की तिच्यावर सही करून सर्टिफिकेट आत पाठवायचं. त्याआधी सीएची प्रायव्हेट की कुठे ठेवायची आणि सही करायचा अधिकार कोणाकडे ते ठरायला हवं, सफाई जॉब चालतो त्या मशीनवर ती नक्की नाही. सोमवारच्या बैठकीत हा एकच विषय घेतेय.